माडीवरचा लोडर

जुना लोडर हाती आला की माणूस सगळ्यात आधी एक चूक करतो. तो लोडर धुतो. रॉकेल मारून, खरवडून, वर प्रेशर वॉशर लावून लख्ख करतो. दोन तासांत चाळीस-पन्नास वर्षांचा चिखल गटारात जातो आणि त्याबरोबर यंत्राची अर्धी जन्मपत्रिकाही जाते. त्या काळ्या, चिकट थराखालीच मूळ रंग टिकलेला असतो. कंपनीच्या स्टिकरची एखादी कड तिथेच अडकलेली असते. तेल नेमकं कोणत्या सीलमधून पाझरत होतं, त्याचा ओघळही त्या थरातच असतो. चांगला फिटर हे ओघळ वाचतो. धुतलेल्या यंत्रावर त्याला वाचायला काही उरत नाही. मग तेल भरायचं, इंजिन चालवायचं आणि गळती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत बसायचं.

तेव्हा आधी फोटो. चारही बाजूंनी, खालून, सीट उचलून आतून. धातूची प्रत्येक पट्टी, ओतीव भागांवरचा प्रत्येक उठावाचा आकडा, वेल्डिंगची प्रत्येक रेघ. मग एका कोपऱ्यात चिंधीने पुसून रंगाचे थर बघायचे. पाण्याचा पाइप त्यानंतर.

या प्रकरणातली यंत्रं खाणीतल्या अजस्र लोडरांची धाकटी भावंडं आहेत: एक माणूस बसेल, दारातून आत जाईल आणि आत गेल्यावर वळू शकेल, एवढीच. आपल्याकडे पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेलं कोणतंही पिवळं यंत्र ‘जेसीबी’ होतं, मग ते कुणी का बनवलेलं असेना. जागच्या जागी गिरकी घेणाऱ्या छोट्या लोडरच्या बाबतीत तेच भाग्य ‘बॉबकॅट’ या नावाला लाभलं. मुंबईतल्या नालेसफाईच्या बातम्यांतही हे नाव अधूनमधून डोकावतं. जुने छोटे लोडर ओळखायला शिकायचं तर याच घराण्यापासून सुरुवात करणं सोयीचं आहे, कारण त्याची वंशावळ बऱ्यापैकी नोंदलेली आहे आणि तिची सुरुवात कोंबडीवर्गातल्या एका पक्ष्याच्या विष्ठेपासून होते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पश्चिम भागात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. गावात आज एका भल्यामोठ्या पक्ष्याचा पुतळा उभा आहे; पण तो गवताळ रानातल्या ‘प्रेअरी चिकन’चा. खरं तर मान टर्कीला मिळायला हवा होता. १९५६ मध्ये एडी व्हेलो नावाचा टर्की पाळणारा शेतकरी गावातल्या केलर बंधूंच्या दुकानात आला. लुई आणि सिरिल केलर यांचा धंदा वेल्डिंगचा आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचा. व्हेलोची अडचण अशी, की त्याच्या टर्कींचं घर दुमजली होतं. आत ठरावीक अंतरावर लाकडी खांब. खालच्या मजल्यावर ट्रॅक्टर गेला, तरी खांबांमधून वळेना. वरच्या मजल्यावर तर ट्रॅक्टर चढवायची सोयच नव्हती; माडी खाली आली असती. त्यामुळे सगळी घाण माणसं लावून फावड्याने उपसावी लागे. त्याला हवं होतं असं यंत्र, जे माडीच्या फळ्यांना पेलवेल आणि खांबाभोवती घासत न जाता फिरेल.

केलर बंधूंनी जे बनवलं त्याला तीन चाकं होती. पुढची दोन चाकं इंजिनाच्या जोरावर फिरणारी, मागे एकच मोकळं चाक, ऑफिसच्या खुर्चीला असतं तसं कुठेही वळणारं. डावं चाक थांबवून उजवं फिरवलं की यंत्र डावीकडे वळे. एक पुढे आणि एक मागे फिरवलं की तिथल्या तिथे गिरकी. ४ फेब्रुवारी १९५७ रोजी हे यंत्र व्हेलोच्या शेतावर पोहोचलं. चाकांना शक्ती पोचवायला आधी पट्टे वापरले होते. ते घसरायचे, झिजायचे. मग भावांनी क्लच आणि चेन यांची जोडणी बसवली आणि तिचं पेटंट पुढे त्यांच्या नावावर लागलं. चाक आणि बकेट कुणीही जोडलं असतं. या घराण्याचं खरं गुपित ती क्लचची जोडणी आहे, आणि पुढे यंत्र उघडाल तेव्हा तुमचे सर्वाधिक दिवस तिच्यातच जातील.

केलरांचा एक नातेवाईक मेलरो कंपनीच्या मालाचा विक्रेता होता. मेलरो ही शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्विनर गावची शेती अवजारांची कंपनी. या नातेवाइकाच्या ओळखीने १९५८ च्या मिनेसोटा राज्य जत्रेत मेलरोच्या मांडवात केलरांचा लोडर ठेवला गेला. शेतकऱ्यांची गर्दी झाली. मेलरो कुटुंबाने यंत्राचे हक्क घेतले, भावांना नोकरीवर घेतलं आणि कारखान्यात उत्पादन सुरू झालं.

ही कथा मी लांबवली, कारण ओळख पटवण्यातली सगळी मेख तिच्यात आहे. हे यंत्र दुरुस्तीच्या दुकानात जन्मलं. जाड पत्रा, सरळ कापलेल्या कडा, बाजारात मिळणाऱ्या चेन, बाजारात मिळणारं इंजिन. त्यामुळे कुठल्याही वेल्डरच्या हाताला ते चटकन वश होतं. शेतकऱ्याने बकेट रुंद केली, इंजिन बदललं, मोडलेला हात दुसऱ्या मॉडेलचा आणून जोडला, आणि यंत्राने तक्रार केली नाही. अर्धशतकानंतर आपल्यासमोर उभं राहतं ते बऱ्याचदा तीन यंत्रांचं एक कुटुंब असतं. वर एकच नंबरप्लेट.

प्लेट कसली, याची खात्री आधी करायची. इंजिनावर इंजिन कंपनीची स्वतंत्र प्लेट असते, हायड्रोलिक पंपावर पंप कंपनीची, चौकटीवर लोडरची. तिन्ही चकचकीत, तिन्हींवर आकडे. नवखा माणूस इंजिनाचा नंबर घेऊन लोडरचं वय शोधायला निघतो आणि फसतो. मुख्य चौकटीवर रिव्हेट मारलेली जी पट्टी असेल, तिचाच मॉडेल आणि सीरियल नंबर धरायचा. रिव्हेट मूळचे आहेत की नंतर मारलेले स्क्रू आहेत, हेही बघायचं. पट्टी गेली असेल तर तिच्या चार भोकांची जागा तरी सापडते. आकडे बुजले असतील तर पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीची बाजू हलक्या हाताने घासा. शाळेत नाण्याचा छाप घ्यायचो तसा. पॉलिश पेपर मात्र पट्टीला लावायचा नाही. पुसट का होईना, तो एकच दाखला आहे.

पट्टीवरच्या मालकाच्या नावावरूनही काळ कळतो. १९६९ मध्ये क्लार्क इक्विपमेंट या कंपनीने मेलरो विकत घेतली. त्यामुळे पट्टीवर क्लार्कचं नाव असेल तर यंत्र १९६९ च्या आधीचं नाही. १९९५ मध्ये क्लार्क इंगरसोल-रँडकडे गेली आणि २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या दूसानने हा व्यवसाय घेतला. पण तोवर आपल्या विषयातली यंत्रं म्हातारी झाली होती.

पट्टी नसेल तर शरीरावरून ओळखायचं. मागे एकच फिरतं चाक दिसलं, तर तुम्ही फार जुन्या गोष्टीसमोर उभे आहात. मेलरोचा एम-२०० असा होता: १९५९ चा, १२.९ अश्वशक्तीचं इंजिन, उचलण्याची ताकद ७५० पौंड, म्हणजे सुमारे ३४० किलो. असा लोडर सापडला तर पाना खाली ठेवा आणि एखाद्या संग्रहालयाला फोन करा, असंच मी म्हणेन. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, मागचं मोकळं चाक काढून तिथे आस आणि दोन चालती चाकं आली. तो एम-४००, चार चाकं घासत वळणारा पहिला खराखुरा स्किड-स्टीअर लोडर म्हणून त्याची नोंद होते. १९६२ मध्ये एम-४४० आला, १५.५ अश्वशक्तीचा, १,१०० पौंड, म्हणजे जवळजवळ ५०० किलो उचलणारा. याच्यावर पहिल्यांदा ‘बॉबकॅट’ हे नाव लागलं. बॉबकॅट म्हणजे त्या भागातलं आखूड शेपटीचं रानमांजर.

चार चाकं, एकही वळत नाही, तरी यंत्र वळतं कसं? हे समजल्याशिवाय ओळखही नीट होत नाही आणि दुरुस्तीही. एका बाजूची दोन्ही चाकं चेनने एकमेकांना बांधलेली असतात. ती नेहमी बरोबरच फिरतात. दोन बाजूंना वेगवेगळा वेग दिला की यंत्राला वळावं लागतं आणि चाकांना जमिनीवर आडवं घासावं लागतं. चारही चाकांवर सारखाच भार असता तर हे घासणं इतकं जड झालं असतं की इंजिन गुदमरलं असतं. म्हणून वजनाची वाटणी मुद्दाम वाकडी ठेवलेली असते. बकेट रिकामी असताना साधारण ७० टक्के भार मागच्या चाकांवर. इंजिन तिथेच ठेवलेलं असतं. पुढची चाकं हलकी, ती घासत सरकतात. बकेट भरली की पारडं उलटतं: भार पुढे येतो आणि मागची हलकी चाकं घासतात. कुठल्याही क्षणी एक टोक रोवलेलं आणि दुसरं सरकणारं. कल्पना इतकी साधी आहे की ती सुचायला टर्कींच्या माडीची गरज लागावी, याचं नवल वाटतं.

यातून ओळखीची एक खूण मिळते. यंत्र वळताना उड्या मारत असेल, अडखळत असेल, तर चेनला दोष देण्याआधी वजन तपासा. कुणी मूळ जड इंजिन काढून हलकं बसवलं असेल किंवा मागची वजनं भंगारात विकली असतील, तर पारडं बिघडतं. अशी मागून हलकी झालेली यंत्रं भरलेल्या बकेटसकट पुढे कलंडतात.

१९६० च्या दशकात एम-६०० आला आणि पुढे १९७० च्या दशकात एम-६१०. छंद म्हणून जुना लोडर घेणाऱ्या अमेरिकन माणसाकडे बहुतेक वेळा यांपैकीच एक असतो, कारण ते भरपूर खपले आणि चिवट निघाले. १९७० मध्ये ‘बॉब-टॅक’ ही जोडणी आली. तिच्यामुळे दोन खिट्ट्या फिरवून बकेट काढता येऊ लागली आणि तिच्या जागी काटा किंवा दुसरं अवजार लावता येऊ लागलं. बकेट थेट हातांना पिनांनी जोडलेली असेल तर यंत्र जुनं असण्याची शक्यता वाढते. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. जोडणी दिसली म्हणून यंत्र १९७० नंतरचं ठरत नाही, कारण ती जुन्या यंत्रांवर नंतरही बसवली गेली. ओळखीच्या कामात हे सूत्र सगळीकडे लागू आहे: नसलेला भाग थोडंफार सांगतो, असलेल्या भागावर संशय घ्यावा.

तोवर इतर कंपन्याही रिंगणात आल्या होत्या. केसने १९६९ मध्ये ‘युनि-लोडर’ आणला. न्यू हॉलंड, जॉन डिअर, गेहल, मस्टँग यांची यंत्रं पुढेमागे आली. युरोपातल्या शेतकऱ्याला घासत वळणारं यंत्र फारसं रुचलं नाही. त्याच्या गोठ्यासमोरचं फरशीचं अंगण उखडायचं. तिथे कमरेत वाकणारे लोडर रुजले. जर्मनीतल्या वायडेमानचे ‘होफट्रॅक’ त्याच पठडीतले. यंत्राच्या मधोमध उभी पिन दिसली आणि पुढचा-मागचा भाग बिजागरीसारखा फिरला, की ते वेगळं घराणं समजायचं. त्याचा कस मधल्या पिनेत असतो. बकेट जमिनीवर दाबून यंत्राचं पुढचं टोक उचलायचं आणि सांध्यात किती खडखड होते ते बघायचं. पिन-बुश नवे करता येतात, पण पिनेचं घर अंडाकृती झालं असेल तर मोठं बोअरिंग करावं लागतं आणि सौद्याची किंमत तिथेच ठरते.

आता यंत्र उघडायला घेऊ. एम-६१० धरून चालू.

मागचं झाकण उघडल्यावर रेडिएटर शोधू नका, तो नाही. आत विस्कॉन्सिन कंपनीचं व्हीएच-४-डी इंजिन असेल: चार सिलिंडर, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात, हवेवर थंड होणारं, पेट्रोलचं, सुमारे १,७६५ सीसी, ३० अश्वशक्ती. विस्कॉन्सिन ही १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झालेली इंजिन कंपनी. हेच इंजिन गवताच्या गठ्ठ्यांच्या यंत्रांवर, वेल्डिंग सेटवर, पंपांवर सगळीकडे लागलं, म्हणून त्याचे सुटे भाग आजही मिळतात. हवेवर थंड होणाऱ्या किर्लोस्करच्या इंजिनांमुळे मराठी शेतकऱ्याला हा प्रकार परका नाही. फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात आणि पत्र्याच्या आवरणातून वारा सिलिंडरांच्या पंखांवर फेकला जातो. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेल्या इंजिनाचं हे आवरण उंदरांचं आवडतं बाळंतघर. वरून इंजिन स्वच्छ दिसतं, आत गवत, कापूस आणि पिलावळ. आवरण न काढता इंजिन चालवलं तर मागचे सिलिंडर तापून जाम होतात. चार-सहा बोल्टचं काम आहे. कंटाळा करू नका.

या इंजिनाचा दुसरा ठरलेला आजार म्हणजे अडकलेला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की त्यांच्या दांड्या गाइडमध्ये गंजून बसतात. अशा वेळी स्टार्टर मारत राहणं म्हणजे पुढचं काहीतरी वाकवणं. हेड सपाट असल्याने काढायला सोपं. ते काढायचं, दांडीपाशी पातळ तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या टिचक्या मारायच्या. व्हॉल्व्ह खाली गेला की इंजिन हाताने फिरवून वर आणायचा, पुन्हा खाली. पंधरा-वीस फेऱ्यांत तो शुद्धीवर येतो. घाई केली तर दांडी वाकते आणि मग गाइडसकट खर्च.

ठिणगी मॅग्नेटो देत असेल, तर बॅटरी मेलेली असली तरी इंजिन सुरू होऊ शकतं. हाताने हळू फिरवताना मॅग्नेटोतून ‘खट्’ असा आवाज यायला हवा. आत एक स्प्रिंगची जोडणी असते. ती मॅग्नेटोला क्षणभर अडवते आणि मग झटक्याने सोडते, म्हणून कमी वेगालाही जोरकस ठिणगी पडते. आवाज नाही, तर आधी तिथे साफसफाई.

इंजिनापुढे ते केलरांचं गुपित. प्रत्येक बाजूला पुढे जाण्याचा एक क्लच, मागे येण्याचा एक. चालकाच्या दोन हातांत दोन लिव्हर. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे, दोन्ही ओढले की मागे, एक पुढे आणि एक मागे केला की गिरकी. गिअर बदलायचे नाहीत. हळू चालायचं तर क्लच थोडा घसरू द्यायचा, आणि ऑपरेटर दिवसभर तेच करायचे. त्यामुळे क्लचच्या पट्ट्या झिजलेल्या असणारच, हे गृहीत धरा. चालवून बघताना यंत्र सरळ जातं का ते बघा. एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा क्लच घसरतोय. बऱ्याच वेळा नुसत्या ॲडजस्टमेंटने काम भागतं. लोक नव्या प्लेटांची ऑर्डर देऊन मोकळे होतात आणि मग कळतं, की दोष लिव्हरच्या जोडणीत झिजलेल्या एका पिनेचा होता.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. त्या काळातल्या क्लच आणि ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. कॉम्प्रेसरची हवा मारून ती धूळ उडवायची, ही आपल्या गॅरेजमधली रोजची सवय इथे चालणार नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तोही कोरडा घासू नका.

चेनच्या बाबतीत अमेरिकन आकड्यांची भाषा एकदा समजली की सोपं आहे. चेनवर ६०, ८० असा नंबर असतो. त्यातला पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ८० नंबर म्हणजे आठ-अष्टमांश, पुरा एक इंच. ६० म्हणजे पाऊण इंच. ताणलेल्या ८० नंबरच्या चेनचे बारा दुवे मोजले तर बारा इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर यायला हवेत. ३१२-३१४ भरले तर चेन अडीच-तीन टक्के वाढली आहे, बदला. आणि नवी चेन जुन्या, आकडीसारख्या झालेल्या स्प्रॉकेटवर चढवू नका. ते दात तिलाही लवकरच आपल्यासारखं करतात.

चेनवरून टायर आठवले. पुढचं आणि मागचं चाक चेनने बांधलेलं आहे, हे वर आलं. म्हणजे एका बाजूचे दोन्ही टायर सारख्याच व्यासाचे हवेत. पुढे नवा आणि मागे गुळगुळीत टायर लावला तर दोन्ही चाकं एका फेरीत वेगवेगळं अंतर कापायला बघतात, चेन त्यांना तसं करू देत नाही, आणि ताण साठत साठत बेअरिंगवर येतो. टायरांत पैसे वाचवून बेअरिंगांत घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

पुढे १९७० च्या दशकात क्लचची जागा हळूहळू हायड्रोस्टॅटिक पद्धत घेऊ लागली. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं. सीटखाली एकामागे एक जोडलेले दोन पंप आणि दोन बाजूंना मोटरी दिसल्या की तो हा प्रकार. चालवायला लोण्यासारखं. पण हे पंप नव्याने घडवायला फार अचूक यंत्रं लागतात आणि घाणीचा एक कण त्यांना पुरतो. जुना क्लचवाला लोडर गावातला फिटर उभा करू शकतो. हायड्रोस्टॅटिकवाल्यासाठी पाकीट जाड लागतं. पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर क्लचवाला घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

हात उचलणारे सिलिंडर सगळ्याच प्रकारांत असतात. बकेट उचला, इंजिन बंद करा, घड्याळ लावा. हात हळूहळू खाली येत असतील तर एक तर सिलिंडरमधलं पॅकिंग गेलंय किंवा व्हॉल्व्हचा स्पूल गळतोय. रॉडवरचा क्रोम बोटाने चाचपा. नख अडकेल असा खड्डा असेल तर नवं पॅकिंग आठवडाभरात फाटेल. आधी रॉडला पुन्हा क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्या.

होज पाइप बदलताना आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. या यंत्रांवर पाइपांचे आटे अमेरिकन एनपीटी मापाचे असू शकतात, आपल्या दुकानात ब्रिटिश बीएसपीचे मिळतात. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला चौदाच आटे, त्यामुळे ते एकमेकांत शिरतात आणि माणूस खूश होतो. पण आट्यांचा कोन वेगळा, ६० अंश आणि ५५ अंश, म्हणून ते गळतात. पाव आणि तीन-अष्टमांश इंचाला तर आटेही अठरा विरुद्ध एकोणीस. दोन-तीन फेऱ्या फिरून घट्ट बसल्याचा भास होतो. टेफ्लॉन टेपचा अख्खा रोल गुंडाळून हा प्रश्न सुटत नाही.

गळती शोधताना हात फिरवायचा नाही. दाबाखालच्या तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, आत मांस सडू लागतं. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तेल त्यावर उमटेल.

आणि हातांखाली जायचं नाही. या यंत्राचे उचलणारे हात चालकाच्या दोन्ही कानांजवळून जातात. त्याच्या छोटेपणाची ही किंमत आहे. पुढून चढताना गुडघा लिव्हरला लागला आणि हात खाली आले, असे अपघात जुन्या लोडरांनी अनेक केले. सुरुवातीच्या यंत्रांना डोक्यावर पिंजरा नव्हता, बाजूला जाळी नव्हती, काहींना सीटबेल्टही नव्हता. जुनेपणाचे भक्त म्हणतील, मूळचं आहे तसंच ठेवा. रंगाच्या, स्टिकरच्या, बोल्टच्या डोक्याच्या बाबतीत मी त्यांच्याबरोबर आहे. इथे नाही. यंत्र चालवायचं असेल तर पिंजरा, जाळी आणि पट्टा लावायचाच. हे सगळं मूळ चौकटीला भोक न पाडता, बोल्टने कवळून लावता आलं तर उत्तम. उद्या काढता येईल. उचललेल्या हातांखाली काम करायचं तर सिलिंडरच्या रॉडवर लोखंडी आधार बसवल्याशिवाय नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका.

रंग शेवटी, आणि रंगाबद्दल थोडंच. एम-६१० सारखं यंत्र, जे हजारोंनी बनलं, त्याला खुशाल खरवडा, लांबी भरा, प्रायमर मारा आणि नवा रंग द्या. तीन चाकांचा किंवा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा लोडर असेल तर ब्रश उचलूच नका. मऊ फडकं, सौम्य साबण, गंजावर पातळ तेलाचा हात. मूळ रंग एकदाच लागतो. मालकाने बाजूला स्वतः वेल्डिंगने कोरलेलं नाव, वाकलेली बकेट सरळ करताना उमटलेले घणाचे ठसे, हेही त्याच नियमात. केलरांच्या दुकानात जन्मलेल्या यंत्रावर दुरुस्तीचे व्रण शोभतात.

ग्विनरमध्ये आजही बॉबकॅट बनतात. २०२३ मध्ये लुई आणि सिरिल केलर यांची नावं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात लागली; तोवर दोघेही भाऊ हयात नव्हते.

सगळं जोडून झालं, इंजिनाने धूर सोडला, लिव्हर हलले आणि यंत्र अंगणात फिरलं, की घरच्यांना बोलावून फोटो काढायची घाई होते. काढा. पण पहिला तास झाला की ते बंद करा, हात जमिनीवर टेकवा, किल्ली खिशात घाला आणि पाना घेऊन खाली वाका. नव्या रंगावर आवळलेले चाकांचे नट पहिल्या तासात सैल होतात. दहा तासांनी हायड्रोलिकचा फिल्टर बदला आणि चेनचा ताण पुन्हा मोजा.